बालशिक्षिकेची पात्रता

(ज्ञातिमंडळाच्या बालकमंदिराच्या वार्षिक पालकसभेत केलेले भाषण)



आपल्या बालकमंदिरातील शिक्षिकेविषयी अठरा पालकांच्या सह्यांचा एक अर्ज गेल्या महिन्यात कार्यकारी मंडळाकडे आला. त्यावर निर्णय घेण्यापूर्वी वर्ग प्रत्यक्ष पाहून अभिप्राय द्यावा, असे चिटणिसांनी मला सांगितले. बालशिक्षिकांच्या अध्यापन विद्यालयात माझी बरीच वर्षे गेली, एवढेच या निवडीचे कारण असावे. त्याप्रमाणे लागोपाठ चार दिवस मी सकाळच्या वेळी वर्गात बसले. वार्षिक सभेत गोड बोलावे असा आपल्याकडे प्रघात आहे, आणि एरव्ही मीही तो पाळते. परंतु या अर्जावर एका बाईंची नोकरी अवलंबून आहे, आणि साडेतीन वर्षांच्या एका मुलाचे या मंदिरात राहणेही अवलंबून आहे. यास्तव आज थोडे स्पष्ट बोलण्याची अनुज्ञा असावी.

प्रथम अर्जदारांविषयी. हल्लीच्या पालकांना तक्रारीवाचून करमत नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करून ठेवावा, असे एकदोन सभासदांचे मत मजपर्यंत आले. ते मला मान्य नाही. घर बांधावयाचे तर आपण गवंड्याने पूर्वी बांधलेल्या भिंती पाहून येतो. मग दररोज तीन तास आपले मूल ज्या व्यक्तीच्या स्वाधीन करावयाचे ती काय शिकली आहे, हे विचारण्याचा अधिकार पालकाला नाही असे कोण म्हणेल? उलट हा प्रश्न मूल घालतानाच विचारला गेला नाही, आणि मंडळानेही आपण होऊन ती माहिती फलकावर लावली नाही, याचेच मला नवल वाटले.

अर्जातील पहिला मुद्दा असा की, बाई आवश्यक ती पात्रता धारण करीत नाहीत. तो खरा आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली पूर्वप्राथमिक शिक्षकासाठी जी किमान पात्रता ठरविली, तीनुसार बारावीला निदान ५० टक्के गुण आणि त्यावर पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका, किंवा बालशिक्षणातील बी.एड., असे असावयास हवे. आपल्या बाई बारावी उत्तीर्ण असून त्यांनी सहा महिन्यांचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला आहे. नेमणुकीच्या वेळी त्यांनी यातले काही लपविले नव्हते. त्यांचा अर्ज मी दप्तरात पाहिला. मंडळाने सर्व जाणून त्यांना नेमले, कारण दोन वर्षांची पदविका घेतलेली शिक्षिका आपण देऊ केलेल्या वेतनात मिळाली नाही.

आणि हे केवळ आपल्याच येथे घडते असे नाही. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या अकराव्या कलमात तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वशिक्षणाची व्यवस्था शासनाने करावी असा उल्लेख आहे खरा, परंतु त्याने मुलाला हक्क मिळत नाही. या मोकळ्या जागेचा परिणाम आपण गल्लोगल्ली पाहतोच. तळमजल्यावरील दोन खोल्या भाड्याने घ्याव्या, भिंतीवर एक हत्ती आणि दोन ससे रंगवावे, दारावर ‘मॉण्टेसरी’ अशी पाटी लावावी, की शाळा झाली! ते नाव लावण्यास कोणाची अनुमती लागत नाही. तशीच गोष्ट प्रमाणपत्रांची. सोनेरी किनारीची, मोठ्या मोहोरेची कित्येक प्रमाणपत्रे मी पाहिली आहेत, ज्यांच्या धारक भगिनींनी अभ्यासक्रमात एकदाही प्रत्यक्ष मुलांसमोर उभे राहून पाठ घेतलेला नव्हता. म्हणून पालकांनी प्रमाणपत्र पाहावे तेव्हा अभ्यासक्रम किती मुदतीचा होता, संस्था मान्यताप्राप्त होती काय, आणि प्रत्यक्ष वर्गातील सराव किती आठवड्यांचा होता, हेही विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सहसा कोणी विचारीत नाही.

येथे दुसऱ्या बाजूचे लोक एक युक्तिवाद करतात, त्याचाही परामर्श घेतला पाहिजे. ते म्हणतात, प्रमाणपत्राचे एवढे स्तोम कशाला? डॉक्टर मारिया मॉण्टेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा तेथील पन्नासएक मुलांजवळ राहणारी बाई प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. अंगी माया असली म्हणजे झाले, पदविका नसली तरी चालते! या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या अर्ध्यावर सोडलेल्या आहेत. त्याच मॉण्टेसरीबाईंनी पुढचे सारे आयुष्य शिक्षकांचे वर्ग चालविण्यात घालविले. १९३९ साली त्या हिंदुस्थानात आल्या, त्या मद्रासजवळ अड्यार येथे असाच वर्ग घेण्यासाठी, आणि त्या पहिल्या वर्गाला सुमारे तीनशे विद्यार्थी होते. गिजुभाईंनीही बालमंदिरापाठोपाठ अध्यापन मंदिर उभारले. आपल्या तारामाई मोडक तर मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयातील मानाच्या पदावर होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला गेल्या आणि लहान मुलांचे शिक्षण पुन्हा मुळापासून शिकल्या. पदवीधर बाईलाही हे काम शिकावे लागते, हा त्यातील बोध आपल्या अर्जदारांनीही लक्षात घ्यावा. कारण ‘आपल्या ज्ञातीत एम.ए. झालेल्या मुली असता बारावीची बाई कशासाठी?’ असे एक वाक्य अर्जात आहे. एम.ए. ही चार वर्षांच्या मुलाला शांत करण्याची पात्रता नव्हे. तो वेगळा व्यवसाय आहे.

ग्रंथातले ज्ञान वर्गात आल्यावर काय होते, हे गिजुभाईंनीच ‘दिवास्वप्न’ या आपल्या गुजराती पुस्तकात मोठ्या मौजेने सांगितले आहे. त्यातील शिक्षक पुष्कळ वाचन करून, नव्या पद्धतीच्या उत्साहाने चौथीच्या वर्गावर जातो आणि पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेऊ पाहतो. मुले अशी काही दंगल करतात की त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. मग तो गोष्टी सांगू लागतो, आणि त्या गोष्टींच्या बळावर हळूहळू वर्ग त्याचा होतो. गिजुभाईंसारख्या अधिकारी पुरुषाने आपल्या आदर्श शिक्षकाचा आरंभच फजितीने करावा, यात फार शहाणपण आहे. ज्या शिक्षिकेच्या वर्गात कधीच गोंधळ झाला नाही तिच्याविषयी मला थोडी काळजीच वाटते; तेथे मुले बहुधा भीतीने गप्प असतात.

आता आपल्या वर्गाकडे वळू. खोली उत्तम आहे, उजेड भरपूर आहे. पटावर ४२ मुले. मी गेले त्या चार दिवसांत ३७ च्या खाली संख्या आली नाही. वये साडेतीनपासून जवळजवळ सहापर्यंत. शिक्षिका एक. सेविकाबाई आहेत, पण त्या झाडलोट करून, मुलांना शौचास नेऊन-आणून साडेदहाला कार्यालयाच्या कामास जातात. पाण्याचा नळ एक, तोही व्हरांड्याच्या टोकाला. आपल्या देशातील बालशिक्षणाच्या मानकांत या वयाच्या वीस ते पंचवीस मुलांमागे एक शिक्षिका, आणि जोडीला मदतनीस, अशी अपेक्षा आहे. म्हणजे दोन बाईंचे काम एक बाई करीत आहे, आणि ते नीट होत नाही अशी आपली तक्रार आहे.

तक्रारीतील सर्वांत गंभीर भाग चावण्याविषयीचा आहे. एक मुलगा इतर मुलांना चावतो, बाईंना तो आवरत नाही, यास्तव मुलाला काढावे आणि बाईंनाही बदलावे, अशी मागणी आहे. ज्या मुलीच्या दंडावर दात उमटले तिच्या आईचा संताप मी समजू शकते. परंतु मी वहीत वेळा टिपून ठेवल्या. पहिल्या तीन दिवसांत तो मुलगा तीनदा चावला, आणि तिन्ही वेळा पाण्याच्या रांगेत. चाळीस मुलांची ती रांग संपावयास वीस मिनिटे लागतात. हा मुलगा सर्वांत लहानांपैकी, घरची भाषा मराठी नव्हे, वर्गात येऊन दोनच महिने झालेले. मागून धक्का बसला तर ‘ढकलू नकोस’ हे दोन शब्द त्याच्याजवळ नाहीत. दात आहेत. साडेतीन वर्षांच्या मुलाचे चावणे हे बहुधा याच जातीचे असते. त्यात दुष्टपणा शोधणे व्यर्थ होय.

बाईंनी काय केले? पहिल्या दोन वेळा त्याला रागावून कोपऱ्यात बसविले. याचा उपयोग झाला नाही, होणारही नव्हता, कारण कोपऱ्यात बसल्याने शब्द येत नाहीत. दोन वर्षांच्या प्रशिक्षणात जे शिकवितात ते नेमके येथे उपयोगी पडते. कृती कोणत्या वेळी, कोठे, कशाच्या पाठोपाठ घडली याची नोंद ठेवावी. आधी दुखावलेल्या मुलाला जवळ घ्यावे. चावणाऱ्याला थोडक्यात, शांतपणे ‘चावायचे नाही, दुखते’ असे सांगून बोलावयाचे शब्द त्याच्या तोंडी द्यावे. आणि मुख्य म्हणजे ज्या व्यवस्थेमुळे ते घडते ती व्यवस्था बदलावी. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाईंना माझी वही दाखविली. चौथ्या दिवशी त्यांनी घरून एक माठ आणला, तो वर्गातच ठेवला, आणि सहा-सहा मुलांना पाण्यास पाठविले. त्या लहानग्याला त्यांनी पेले वाटावयाचे काम दिले. त्या दिवशी कोणी चावले नाही. एका दिवसाचा पुरावा फार मानू नये हे मलाही कळते. पण सांगितलेले ज्या बाईला एका रात्रीत उमगते आणि जी स्वतःच्या खर्चाने माठ आणते, ती शिकण्यास पात्र आहे असे मी समजते.

त्यांच्यात उणिवा नाहीत असे नाही, आणि मी त्या झाकणार नाही. सर्व मुलांनी एकाच वेळी एकच काम करावे असा त्यांचा आग्रह असतो. सहा वर्षांच्या मुलीचे दहा मिनिटांत संपते आणि साडेतीन वर्षांच्या मुलाचे सुरूच होत नाही, मग कलकलाट होतो. चित्रातले पान हिरवेच रंगविले पाहिजे असे त्या म्हणतात. थकल्या म्हणजे आवाज चढतो. परंतु बेचाळीस मुलांपैकी प्रत्येकाचे नाव, कोणाच्या घरी नवे बाळ आले, कोणाची आजी गावी गेली, हे त्यांना मुखोद्गत आहे. आणि त्यांनी चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगावयास घेतली तेव्हा, जिला तुम्ही ‘आवरत नाही’ म्हणता त्या वर्गात, मला बाहेरच्या रस्त्यावरील भाजीवाल्याची हाक ऐकू आली.

बाई लिहावयास शिकवीत नाहीत, नुसते खेळवितात, या तक्रारीत मात्र मी पूर्णपणे बाईंच्या बाजूची आहे. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील हाडे अद्याप पूर्ण घडलेली नसतात. बोटांच्या बारीक स्नायूंवर त्याचा ताबा यावयाचा असतो. त्या हाताला पेन्सिल देऊन ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ गिरवावयास लावणे म्हणजे कच्च्या मडक्यात पाणी भरण्यासारखे आहे. मणी ओवणे, माती मळणे, कागद फाडून चिकटविणे, राजमा आणि चवळी वेगवेगळ्या वाटीत निवडणे, रांगोळीचे ठिपके मांडणे, ही सर्व लेखनाचीच तयारी होय. ‘कमळ’ म्हणताना तीन टाळ्या वाजविणे, ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू खोलीत शोधणे, ही वाचनाची. हे सारे बाई करतात. घरी वहीत काही दिसत नाही म्हणून काही शिकविले नाही असा समज होतो, आणि संध्याकाळी आईला शेजारणीच्या मुलाची भरलेली वही पाहून वाईट वाटते. त्याला उपाय बाईंजवळ नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ हा एक अखंड पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ आणि कृती यांनाच प्राधान्य दिले आहे, एवढे सांगून हा विषय सोडते.

आणखी एक गोष्ट अर्जात आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. बाईंचे उच्चार अशुद्ध आहेत, ‘पाणी’ला त्या ‘पानी’ म्हणतात, आणि त्या आपल्या समाजाच्या नाहीत, असे तेथे एका ओळीत लिहिले आहे. दोन वेगळ्या गोष्टी एका ओळीत का आल्या, याचा विचार लिहिणाऱ्यांनी आपल्या मनाशी करावा. हे बालकमंदिर आपल्या वडीलधाऱ्यांनी सर्वांसाठी उघडले, आणि आज पटावरील निम्मी मुले इतर समाजांतील आहेत. उच्चारांविषयी म्हणाल तर मुलाच्या कानावर अनेक बोली पडल्याने त्याची भाषा बिघडत नाही. घरात पाण्याला ‘वॉटर’ म्हणावयास शिकविणारे आपणच ‘पानी’ला नाक मुरडावे हे चमत्कारिक आहे. तारामाई आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीस काम करू लागल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा वारली मुलांच्या दृष्टीने बोलीच्या बाहेरच्या त्या दोघी होत्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली. अंगणवाडीची कल्पना या कामातून आली. त्या बायांनी मुलांची बोली आपलीशी केली. ‘आमच्या बोलीची बाई द्या’ असा अर्ज त्या पाड्यांवरून कोणी केला असता तर तो काही अंशी न्याय्य ठरला असता, आपला नाही.

आता वेतनाचा प्रश्न, जो अर्जात नाही पण ज्याच्यापाशी सर्व येऊन थांबते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षक मागितले, आणि त्याच निवेदनात अशा शिक्षकाला दरमहा निदान १२ रुपये द्यावे, मोठ्या गावी त्याहून अधिक, असेही स्पष्ट मांडले. पात्रता आणि पगार या दोन गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. आपण पहिलीच मागत आहो. गेल्या वर्षी सभागृहाला नवी फरशी बसविली. सुंदर दिसते, आणि देणगीदारांची नावेही संगमरवरावर शोभून दिसतात. त्या फरशीचा खर्च बाईंच्या वर्षाच्या वेतनाहून अधिक झाला आहे. हिशेब छापील अहवालात आहे, मी नवे काही सांगत नाही.

तेव्हा माझा अभिप्राय असा. बाईंना काढू नये. त्यांना दोन वर्षांच्या मान्यताप्राप्त पदविकेस पाठवावे, शुल्क मंडळाने भरावे. शिष्यवृत्ती निधीचे नियम त्याच्या आड येतात असे खजिनदार म्हणतात, तर नियम याच सभेत बदलता येतील. पदविकेनंतर निदान तीन वर्षे त्या येथे राहतील असे लेखी घ्यावे, आणि त्या काळात वेतन पात्रतेप्रमाणे द्यावे. नुसतेच बंधन घालणे योग्य होणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरी, पूर्ण पात्रता असलेली शिक्षिका नेमून वर्गाचे दोन भाग करावे. ती मिळेपर्यंत सेविकाबाईंना साडेबारापर्यंत वर्गातच ठेवावे, कार्यालयाचा चहा कार्यालयाने करून घ्यावा. नळाची दुसरी तोटी तर उद्याच बसविता येईल. दोन वर्षांत पदविका पूर्ण झाली नाही, तर अर्जदारांनी हाच अर्ज पुन्हा द्यावा, मी त्यावर एकोणिसावी सही करीन.

त्या लहान मुलाला काढण्याचा प्रश्नच उद्भवू नये असे मला वाटते. तथापि त्याच्या आईवडिलांना बोलावून, घरी तो आपल्या भाषेत काय काय मागतो त्या दहावीस शब्दांची यादी बाईंनी घ्यावी, असे मी सुचविले आहे. यादी काल आली. बाईंनी ती कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटविली आहे.

शेवटी पालकांसाठी एक व्यवस्था कार्यकारी मंडळाने मान्य केली आहे, ती कळविते. येत्या सोमवारपासून दररोज दोन पालकांना वर्गात बसून पाहता येईल. नावे चिटणिसांकडे नोंदवावी; अर्जावर सह्या करणाऱ्यांना प्रथम संधी मिळेल. साडेनऊला यावे, मागच्या भिंतीशी ठेवलेल्या पाटावर बसावे, आपल्या मुलाला हाक मारू नये, आणि मोबाइल कार्यालयात ठेवून यावा.